मिलीचा हात

१

गाडीमागे जोडलेली कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, मागे घेताना भांडलं नाही असं एकही जोडपं ऑस्ट्रेलियात सापडायचं नाही. दिवसभर नाकासमोर गाडी हाकत माणसं गुण्यागोविंदाने मुक्कामाला पोचतात, आणि शेवटच्या चार हातांत संसाराचे वाभाडे निघतात. नवरा स्टिअरिंगशी, बायको मागे हातवारे करत, आणि आजूबाजूची म्हातारीकोतारी खुर्च्या वळवून बसलेली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

कोरिन आणि वॉरिक ट्रेलोर यांचा तमाशा हिवाळाभर चालला होता. कॅडिनाहून वर डार्विनपर्यंत, तिथून पश्चिम किनाऱ्याने खाली, आणि आता नल्लरबॉरचं उजाड पठार तुडवत परत घराकडे. त्यात मेख अशी की कोरिन गावात शाळेची बस चालवायची. अरुंद गल्लीतून ती लांबलचक बस ती चहा पीत मागे घेई. पण घरच्या गाडीला तिने हात लावला की वॉरिकच्या कपाळावर आठी. "ही बस नाहीये," एवढंच म्हणायचा, आणि ते पुरेसं असायचं.

शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून त्यांनी दोन नियम केले होते. पहिला वॉकीटॉकीचा. एक गाडीत, एक कोरिनच्या हातात. ती मागून सांगेल तसं वॉरिकने घ्यायचं, आरशात बघून स्वतःची अक्कल चालवायची नाही. दुसरा नियम मिलीचा. मिली सहा वर्षांची. गाडी थांबली न थांबली की पट्टा सोडून उडी मारायची, आणि एकदा तर कॅरव्हॅन मागे येत असताना थेट चाकाजवळ सापडली होती. तेव्हा कोरिनने आपल्या बस डेपोतला नियम घरी आणला: गाडी मागे चालली की मागे जो कोणी उभा असेल त्याचा हात धरायचा आणि 'बस्स' म्हणेपर्यंत सोडायचा नाही. मिलीला तो खेळच वाटला. इतर कुठलीच गोष्ट ती धड ऐकत नसे, पण हा नियम तिने कधी मोडला नाही.

त्या दिवशी दुपार कलताना ते हमरस्त्याकडेच्या एका मोकळ्या थांब्यावर आले. एक पत्र्याचा संडास, थोडी खुरटी झुडपं आणि माश्यांचे थवे. सकाळी रोडहाऊसमध्ये खाल्लेल्या मटण भरलेल्या पेस्ट्रीने कोरिनचं पोट बिघडलं होतं. "थांब, आलेच," म्हणत ती दार उघडून पळाली.

आत बसल्या बसल्या तिला इंजिनाचा आवाज ऐकू आला. गाडी मागे येत होती. दोन मिनिटं धीर धरवत नाही या माणसाला, असं म्हणत तिने त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. बाहेर येऊन बघते तर कॅरव्हॅन दोन झुडपांच्या मधोमध, रेघ मारल्यासारखी सरळ उभी. आणि वॉरिक चक्क हसत होता. तिच्याकडे बघून तो शेवटचा कधी हसला होता हे तिला आठवेना.

"बघितलंस? ओरडलं नाही की कशी सरळ लागते."

"मी संडासात होते, वॉरिक. तू एकट्याने घेतलीस."

"हो का? मग 'येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडे, बस्स' असं कोण म्हणत होतं? माझी आजी?"

कोरिनने गाडीच्या दाराच्या कप्प्यात हात घातला. तिचा वॉकीटॉकी तिथेच होता, बंद. ती काही बोलणार तेवढ्यात मिली कॅरव्हॅनच्या मागून आली. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होती.

"आई, तू अंगठी परत घातलीस? मला लागली ती."

कोरिनने आपल्या हाताकडे पाहिलं. बोटावर नुसता पांढरा वण होता. लग्नाची अंगठी तिने घरून निघायच्या आधीच काढून स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकली होती.

२

कोरिन काही भाबडी बाई नव्हती. बसमधली चाळीस पोरं रोज चाळीस थापा मारायची आणि ती एकीलाही फसत नसे. तिने आधी थोरलीला गाठलं.

"टीगन, वॉकीटॉकीवर तू बोललीस?"

टीगन पंधरा वर्षांची. तिने कानातला एक इअरफोन काढला. "आई, या ट्रिपमध्ये मी शेवटचं कधी बोलले तेच आधी आठव."

मग दुसरी शक्यता. वॉकीटॉकीची वाहिनी काही घरची नसते. दुसऱ्या एखाद्या मुक्कामावर दुसरी एखादी बायको आपल्या नवऱ्याला मागे घेत असेल, तिचा आवाज इकडे आला असेल. बायकांचे आवाज अशा वेळी सारखेच. तसं बघितलं तर हे अगदी पटण्यासारखं होतं. फक्त थांब्यावर त्यांच्याशिवाय एक दाढीवाला म्हातारा आणि त्याचा कुत्रा एवढेच होते, आणि त्या सपाट मुलखात डोळा पोचेल तिथवर दुसरी गाडी दिसत नव्हती. वॉरिकने वाहिनी बदलली आणि विषय संपवला. अंगठीचं तिने त्याला सांगितलं नाही. अंगठीचा विषय काढला की पुढचं सगळंच निघालं असतं.

पण ते निघायचं थांबलं नाहीच. मुली आत पत्ते खेळत बसल्या तेव्हा तो गॅसच्या शेगडीवर सॉसेजेस परतत होता आणि ती कांदा चिरत होती. दोघं दात ओठ खात, आवाज दाबून बोलत होती. हिवाळाभर असंच बोलत आली होती.

"घरी पोचल्यावर लगेच सांगायचं मुलींना. उगाच लांबवायचं नाही," ती म्हणाली.

"सांग की. मी वायल्लाला भावाकडे जातोय, आणि मिली माझ्याबरोबर येतेय, हेही सांग."

"मिली कुठेही जाणार नाही."

"टीगन तुला ठेव. तिची शाळा आहे, मित्रमैत्रिणी आहेत. मिलीचं काय अडलंय कॅडिनात?"

"मुलं म्हणजे काय हातगाडीवरची कलिंगडं आहेत? एक तुला, एक मला?"

"तिला विचार तू. कुणाचा हात धरायचाय ते तिलाच विचार."

"सहा वर्षांच्या पोरीला विचारू? लाज नाही वाटत?"

"तिच्यावर दिवसभर खेकसणाऱ्या बाईने मला लाज शिकवू नये."

कोरिनने सुरी खाली ठेवली. तिला खरंच ती त्याच्या अंगावर फेकावीशी वाटली होती. एवढ्यात बॉनेटवर ठेवलेल्या वॉकीटॉकीतून खट् असा आवाज आला, बोलायचं बटण दाबल्यावर येतो तसा. दोघांनी तिकडे माना वळवल्या. पलीकडे कोणीतरी बटण दाबून धरलं होतं आणि बोलत नव्हतं. ऐकत होतं. मग पुन्हा खट् झालं आणि सॉसेज करपल्याचा वास आला.

३

दुसऱ्या दिवशी वॉरिकने हमरस्ता सोडून समुद्राकडची कच्ची वाट धरली. तिथे मुक्कामाला मनाई आहे अशी पाटी होती. पाटीला कोण विचारतो. शेवटचा मुक्काम कड्यावर करायचा असं त्याने निघतानाच ठरवलं होतं. जमीन सपाट पसरत जाते आणि एका ठिकाणी नुसती संपते. खाली खोलवर पाणी आपटत असतं.

वारा असा होता की टोपी दोन्ही हातांनी धरावी. कोरिन उतरली, मागे गेली, मिली येऊन तिच्या डाव्या हाताला बिलगली. उजव्या हातात वॉकीटॉकी. कड्यापासून बऱ्याच अलीकडे कॅरव्हॅन उभी करायची, असं दोघांचं ठरलं होतं. दिवसभरात त्यांचं एकमत झालेली तेवढीच गोष्ट.

"ये," ती म्हणाली. कॅरव्हॅन मागे सरकू लागली. "सरळ ये. ये. बस्स, थांब."

थांबली नाही.

"वॉरिक, थांब."

मागचा पत्रा अंगावर येऊ लागला तशी ती मिलीला घेऊन बाजूला झाली. तिने बटणावरचं बोट काढलं आणि त्याच क्षणी तिच्या हातातल्या वॉकीटॉकीतून आवाज आला. "येऊ दे. येऊ दे. छान. अजून येऊ दे."

आवाज तिचाच होता. पण आताचा नव्हे. त्यात हसू होतं. नवरा जवळ येतोय याचं बरं वाटावं तसं. टीगन पाळण्यात होती तेव्हा, अंगणात गाडी लावताना, ती असंच बोलत असणार. असा आवाज आपल्याला होता, हे ती पार विसरून गेली होती. आणि एवढ्या भीतीतही तिला त्या आवाजाचा हेवा वाटला.

"थांब! थांब रे मेल्या!" ती घसा फोडून ओरडली. वाऱ्याने ते शब्द समुद्रावर नेले. तिने पळायला पाऊल उचललं, तर मिली जागची हलेना. ती हिसका देऊन ओढू लागली आणि तेव्हा तिला दिसलं. मिलीचा दुसरा हात कड्याच्या बाजूला ताणलेला होता. खांद्यापासून सरळ, बोटं मिटलेली, जणू पलीकडून कोणीतरी तितक्याच जोराने धरून ठेवलं होतं. पलीकडे नुसती हवा होती.

कोरिनने अंगात होती नव्हती ती ताकद लावून पोरीला ओढलं. काहीतरी सुटलं आणि दोघी खुरट्या झुडपात आपटल्या. तिने मिलीला काखेत मारलं, पुढे पळाली आणि वॉरिकच्या काचेवर मूठ आपटली.

ब्रेक लागले. मागच्या सीटवर टीगन किंचाळली.

वॉरिक उतरून मागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. कॅरव्हॅनचं मागचं टोक कड्याबाहेर लोंबत होतं आणि चाकाखालची माती ढासळत होती.

"तू म्हणत होतीस येऊ दे," तो म्हणाला. "तू. लाडात. मला वाटलं..."

"मी थांब म्हणत होते!"

"मी बहिरा नाहीये, कोरिन. टीगन आत होती! एवढा द्वेष करतेस माझा?"

तिने मिलीला खाली ठेवलं. पोरगी रडत नव्हती. बाही वर सरकली होती आणि दोन्ही मनगटांवर वळ उठले होते. एकावर कोरिनची चार बोटं. दुसऱ्यावरही चार बोटं, आणि त्यातल्या एका वळात मध्ये खोल खाच, अंगठी रुतल्यासारखी.

वॉरिकने दोन्ही मनगटं पाहिली. "हेही तूच केलंस," तो म्हणाला.

कोरिनने दोन्ही वॉकीटॉकी कड्यावरून भिरकावून दिले. पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही, पण तो इतक्या वरून आलाही नसता.

४

वॉरिकने कॅरव्हॅन कशीबशी पुढे ओढून काढली, आणि त्यानंतर ते मुक्कामाला थांबलेच नाहीत. सेड्यूना गेलं, किम्बा गेलं, गव्हाची हिरवी शेतं सुरू झाली. समोरून येणाऱ्या प्रत्येक कॅरव्हॅनला वॉरिक सवयीने स्टिअरिंगवरचं बोट उचलून दाखवत होता आणि समोरचाही दाखवत होता. अनोळखी माणसांशी एवढं सौजन्य आणि शेजारी बसलेल्या बायकोशी शब्द नाही. टीगनने कानातले इअरफोन काढले होते. ती आईकडे बघत होती, मग बापाकडे, आणि कोणाला काय विचारावं हे तिला कळत नव्हतं.

मिली मात्र मजेत होती. खिडकीला नाक लावून गुणगुणत होती.

"कड्यावर तुझा हात कोणी धरला होता, मिली?" कोरिनने विचारलं. सहज विचारल्यासारखं दाखवायचा तिने प्रयत्न केला.

"तूच."

"आणि दुसरा?"

"तूच ना. त्या बाजूने पण तूच." मिलीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तिकडची तू ओढत नव्हतीस. तू ओढलंस म्हणून तिने घट्ट धरलं."

कोरिनने मान पुन्हा रस्त्याकडे वळवली. आपण रात्ररात्र नीट झोपलेलो नाही, महिनोन्महिने आतल्या आत धुमसतोय, डोकं ठिकाणावर नसेल तर नवल काय, असं तिने स्वतःला बजावलं. वळ तिच्याच बोटांचे असतील. दोन्ही. आवाज वाऱ्याने आणला असेल. प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण सापडत होतं. फक्त सगळी कारणं एकत्र ठेवली की बसत नव्हती.

पोर्ट ऑगस्टाला पेट्रोल भरताना वॉरिकने किल्ली तिच्यापुढे धरली. "पुढे तू चालव. घरी लावायचीही तूच. मागे मी उभा राहतो. वॉकीटॉकी नको, काही नको."

"काच खाली ठेवीन," ती म्हणाली. "आणि आरशात तुझा हात दिसला तरच मागे घेईन. हात दिसेनासा झाला की ब्रेक."

"ठीक."

बसवाल्या बाईला शोभेल असाच हा नियम होता. आवाज फसवेल, पण डोळ्यांना दिसणारा हात कसा फसवेल? दोघांनाही जरा हायसं वाटलं. दुसऱ्या नियमाची, मिलीच्या नियमाची, आठवण मात्र दोघांनाही झाली नाही. तो रद्द करायचा राहून गेला.

५

कॅडिनाच्या त्यांच्या गल्लीत उन्हं उतरत होती. कोणीतरी हिरवळ कापत होतं. समोरच्या मिसेस नॅनकिव्हलच्या पायरीवर नेहमीचं मांजर होतं. कोरिनला ते मांजर बघूनसुद्धा रडू आलं. घरी पोचलो, पोरी धडधाकट आहेत, आता जे काय भांडायचं ते स्वतःच्या छपराखाली भांडू.

तिने गाडी रस्त्यावर तिरकी केली, कॅरव्हॅनचं मागचं टोक आपल्या फाटकाकडे लावलं. टीगन उतरली आणि बाजूच्या दाराने मागच्या अंगणात पळाली. वॉरिक उतरला. मागून पट्टा सुटल्याचा आवाज आला, दार आपटलं, मिलीही उतरली. बापाबरोबर गेली असेल. कोरिनने काच खाली केली आणि उजव्या आरशात पाहिलं.

कॅरव्हॅनच्या कोपऱ्याआडून एक हात पुढे आला. तांबड्या चौकड्याची बाही, कोपरापर्यंत दुमडलेली. तळवा आत वळवून, सावकाश: ये.

तिने गाडी मागे घेतली. जणू लोण्यातून सुरी जावी तशी कॅरव्हॅन फाटकातून आत वळली. इतक्या सुरेख खुणा वॉरिकला येतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

"येऊ दे," मागून आवाज आला. "येऊ दे, कोरी. छान चाललंय."

कोरी. कोरी म्हणायचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. म्हणजे कड्यावरच्या प्रकाराने त्यालाही हलवलं होतं तर. बसून नीट बोलता येईल. वायल्लाला जायचं, नाही जायचं, मिलीचं काय करायचं, सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलता येईल. तिने बाहीने डोळे पुसले आणि ब्रेकवरचा पाय आणखी थोडा सैल केला.

"अगं ए! थांब की! मी आलो कुठे अजून?"

हे पुढून आलं. वॉरिक समोरून रस्ता ओलांडत येत होता, मिसेस नॅनकिव्हलकडे ठेवलेली घराची किल्ली बोटाभोवती फिरवत. अंगात निळी बंडी होती. चौकड्याचा शर्ट तर त्याने पश्चिम किनाऱ्यावर डर्बीच्या मुक्कामी शेकोटीत जाळून घेतला होता आणि तिनेच तो कचऱ्यात टाकला होता.

कोरिनने ब्रेकवर पाय रोवला. आरशात पाहिलं.

हात अजून हलत होता. मऊपणे, घाई नसल्यासारखा. त्याच्या जरा खाली, त्याच कोपऱ्याआडून, दुसरा हात दिसत होता, आणि त्या हातात मिलीचा हात होता. मिली उभी होती, शहाण्यासारखी, नियम पाळत. मान वर करून ती त्या उंच माणसाकडे बघत होती, ज्याचं तोंड पत्र्याआड होतं. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. आई किंवा बाबांकडे बघताना तो तसा फुलत नसे, गेले कित्येक महिने.

"मिली!" कोरिन ओरडली. "मिली, हात सोड! सोड तो हात!"

मिलीने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. 'बस्स' म्हणेपर्यंत सोडायचा नाही, तूच तर सांगितलंयस.

हलणारा हात थांबला. तळवा उघडा झाला.

"बस्स," वॉरिकच्या आवाजात कोणीतरी प्रेमाने म्हणालं. "आलं घर."

कोरिनने किल्ली ओढली, दार लोटलं, कुंपणाला घासत उजव्या बाजूने मागे पळाली. "मागे बघ! मिली मागे आहे!" वॉरिक काही न विचारता डाव्या बाजूने धावला, त्याच्या बुटांचा आवाज तिला पत्र्यापलीकडून ऐकू येत होता. गॅरेजचं दार आणि कॅरव्हॅन यांच्यामध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा होती. दोघं दोन्हीकडून एकदमच तिथे पोचली, धापा टाकत, आणि दोघांनीही आधी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं. चारही हात रिकामे होते, आणि मधल्या जागेत कोणीच नव्हतं.